देवाच्या दुधाला दर्भ

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या, तुम्ही उठलात म्हणून भिंत काही पडायची नाही. एक गोष्ट सांगायची आहे. ही मी कीर्तनात ऐकलेली नाही, कीर्तन चालू असताना माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. हसू येईल तिथं हसा, पण शेवटी मी एक मागणं मागणार आहे, तेवढं पदरात टाका.

मी रंगनाथ हासे. गाव खडकउंबरे, सह्याद्रीच्या पायथ्याचं. ही गोष्ट घडली तोवर मी गावच्या दूध संकलन केंद्रात बावीस वर्षं दूध तपासलं होतं आणि विठ्ठलाच्या देवळात चाळीस वर्षं टाळ धरला होता. दोन्ही कामं उभ्यानं करायची. एकात नजर चुकली तर गावाचं नुकसान, दुसऱ्यात ताल चुकला तर बुवा मान वळवून असं बघतात की त्यापेक्षा नुकसान परवडलं.

गोष्ट बेचाळीस सालची. दचकू नका, चलेजावचं बेचाळीस नव्हे, त्यानंतर शंभर वर्षांनी आलेलं. त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या केंद्रात एक नवं यंत्र आलं होतं. यंत्र कसलं, वीतभर लांबीची हिरवी काडी, आणि तिच्याबरोबर तळहाताएवढी एक पाटी. कागदोपत्री तिचं नाव मोठं होतं. पण बायकांनी ती बघितली आणि एकमुखानं म्हणाल्या, "अगं बाई, हा तर दर्भ!" ग्रहण लागलं की आपण दुधात, दह्यात दर्भाची काडी टाकून ठेवतो ना, अगदी तशी. तेच नाव पडलं.

आता हा दर्भ काय करी, ते थोडक्यात सांगतो. गाईची कास सुजते, सड दगडासारखा घट्ट होतो, दुधात गाठी येतात. त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. दगडी जंतूंमुळे होते. डॉक्टर सडात औषधाची नळी सोडतात, पेनिसिलीनच्या जातीचं औषध, आणि गाय बरी होते. देवाची कृपा आणि शास्त्राचे उपकार! माझ्या आजोबांच्या काळात दगडीनं गाई दावणीलाच संपायच्या. पण ते औषध चार-पाच दिवस दुधातून बाहेर पडत राहतं. ते दूध माणसांच्या पोटात गेलं तर दोन गोष्टी होतात. एखाद्याच्या अंगाला ते औषध सोसत नाही, त्याच्या जिवावर बेततं. आणि बाकीच्यांच्या पोटातले जंतू रोज त्या औषधाचा थेंब थेंब चाखून त्याला सरावतात. मग खरा आजार आला की औषध ढिम्म.

दर्भाची करामत अशी. प्रत्येक जंतूच्या अंगाला भिंत असते आणि ती बांधणारा गवंडी जंतूच्या आतच असतो. पेनिसिलीन काय करतं, त्या गवंड्याचा हातच धरून ठेवतं. भिंत अर्धी राहते, जंतू फुटतो. शास्त्रज्ञांनी काय केलं, हे गवंड्याचे हात तेवढे वेगळे काढून काडीच्या टोकाला बसवले. काडी दुधात बुडवायची. औषध नसलं तर हात मोकळे, काडी हिरवी. औषध असलं तर ते सवयीनं जाऊन हात धरतं आणि काडी जांभळी पडते. नव्वद सेकंदांचा खेळ.

आणि यापुढची गोष्ट नवी होती. दुधात गाईच्या अंगातल्या पेशी असतातच, थोड्या का होईना. काडी जांभळी पडली की पाटी त्या पेशी वाचायची आणि ते दूध कोणत्या गाईचं ते सांगायची. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे पाटीवर उमटायचे. म्हणजे पूर्वी एका घराच्या चुकीनं सगळा टँकर रस्त्याकडेला ओतायला लागायचा, ते थांबलं. चूक ज्याची त्यालाच कळू लागली.

पण मंडळी, गावात एवढं खरं कळणं जड जातं. केंद्राच्या ओट्यावर रांगेत सगळ्यांसमोर काडी जांभळी व्हायची. खालच्या आळीची सगुणा तर पहिल्या आठवड्यातच रडली. तिच्या गाईचं दूध पाच दिवस थांबलं. "रंगनाथभाऊ, रोज सहा लिटर दूध मातीत ओतू? हात धजत नाही हो. दूध पायदळी जायला नको."

तिचं रडणं मला बघवेना. मी म्हणालो, "ओतू नको बाई. देवळात नेऊन दे. देवाला अभिषेक होईल. देवाला काय इंजेक्शन बाधतंय?"

सगुणा डोळे पुसून हसली. मागच्या रांगेतल्याही हसल्या. आणि त्या दिवसापासून गावात रीत पडली. केंद्रानं थांबवलेलं दूध देवळातल्या पितळी घंगाळात. त्याला नाव पडलं देवाचं दूध. अभिषेक त्याचा, तीर्थ त्याचं, काल्याचं दहीही त्याचंच. विकायच्या दुधाला दर्भ लागायचा, देवाच्या दुधाला कोण लावणार? देवाची परीक्षा बघायची का?

सांगणारा मी होतो. हे ध्यानात ठेवा.

आता वेणूकाकू. माझ्या घराला लागून त्यांचं घर, आणि समोरच देऊळ. काका जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगी नाशकात नांदती. दावणीला एकच गाय, तांबडी. काकूंची ओळख म्हणजे त्यांचं दही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते आणि दही-लाह्यांचा काला वाटतात. त्या काल्याचं दही तीस वर्षं वेणूकाकूंच्या हातचं. संध्याकाळी त्या देवळात यायच्या, दूध कोमट करायच्या, करंगळी बुडवून बघायच्या, विरजण घालायच्या आणि घंगाळाला घोंगडी पांघरायच्या. सकाळी दही असं की सुरीनं कापावं.

पण दर्भ आल्यापासून तीन वर्षं ते दही लागेना. पहिल्या वर्षी वाटलं, थंडी जास्त. दुसऱ्या वर्षी विरजण बदललं. तिसऱ्या वर्षी सकाळी घोंगडी काढली तर दूध जसंच्या तसं, वर पाणी सुटलेलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी तरी म्हणालं, आणि कोण म्हणालं ते अजून कुणी कबूल करत नाही, "वेणूच्या हाताचा गुण गेला. देवाला तिचा हात आता नको आहे."

सप्ताहाचे कारभारी दशरथ वाकचौरे यांनी काकूंना सांगून टाकलं, "काकू, तुम्ही आता दमलात. यंदा दही आपण तालुक्याहून आणू."

काकू म्हणाल्या, "बरं." एवढंच. पण त्यानंतर त्या देवळात बसायच्या ते दाराशी, चपलांजवळ.

मी दूध तपासणारा माणूस. दही का लागत नाही हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला. सकाळी केंद्रात जे डोकं वापरायचो ते देवळाच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवायचो, दुसरं काय.

आता श्रीपतबुवा. सत्तरी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, पण त्यांनी पहिला सूर लावला की देवळाच्या घंटा न वाजवता गुणगुणायच्या. मी त्यांच्यामागे चाळीस वर्षं टाळ धरला आणि त्या चाळीस वर्षांत माझं जे काही बरं झालं ते तिथं उभं राहून झालं. काल्याच्या कीर्तनात टाळकऱ्यांनी चाल धरली की बुवा दोन घोट गरम दूध घ्यायचे, सुंठ घातलेलं. गळा जपायचा म्हणून थंड तीर्थ ते पीत नसत, नुसतं डोळ्यांना लावत. त्याला बुवांचं दूध म्हणत. त्याची पाळी असायची, दर वर्षी एक घर. नेम असा की दूध आपल्याच गाईचं हवं. गाय आटलेली असली तर पाळी पुढच्या घराला, आणि पुन्हा यायला बारा वर्षं. त्या साली पाळी होती वेणूकाकूंची.

महिनाभर आधीपासून काकूंनी लोटी चिंचेनं घासून आरसा करून ठेवली होती. मला म्हणाल्या, "रंगा, दह्याचं राहू दे. पण बुवांनी माझ्या हातचं दूध घेतलं की लोकांची तोंडं बंद होतील बघ."

माघातली काल्याची सकाळ. मी बुवांना आणायला दशरथकडे गेलो. बुवा ओसरीवर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते. गोठ्यात आमच्या गुरांच्या नव्या डॉक्टर, निलोफर तांबोळी, दशरथच्या म्हशीला तपासत होत्या. पोरगी सहा महिन्यांपूर्वीच आमच्याकडे आलेली, कामाला चोख. हात धुऊन त्या ओसरीवर आल्या. बुवांचा घसा जरा धरलेला ऐकून म्हणाल्या, "बुवा, घसा दाखवून घ्या हं कुणाला. मी तर गुरांची डॉक्टर."

"मग योग्य ठिकाणी आलात," बुवा म्हणाले. "मीही विठ्ठलाच्या दावणीचंच जनावर. पण बाई, काय वाटेल ते द्या, ते पेनिसिलीन तेवढं देऊ नका. एकोणिसाव्या वर्षी सुई टोचली होती, अंगभर गांधी उठल्या आणि गळा आतून सुजून बंद. नशीब दवाखान्यातच होतो. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, पुढच्या वेळी थेंबही जीव घेईल."

चाळीस वर्षं त्यांच्या पाठीमागे उभा होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "काका, इथं थांबवलेलं दूध लोक ओततात कुठे? मला गावात एकही खड्डा दिसला नाही."

"ओततात कशाला? देवाला देतात," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "आणि बुवा देवळात दूध घेतात?"

"ते वेगळं. ते वेणूकाकूंच्या तांबडीचं."

"तांबडीला मी सुई लावलेली नाही, ते खरं. तरी तपासा."

"अहो, देवाच्या कामाचं दूध. त्याला दर्भ लावायचा?"

"दूध देवाचं असेल काका, पण गळा बुवांचा आहे."

मी केंद्रात जाऊन एक काडी आणि पाटी सदऱ्याच्या खिशात टाकली. वाटेत काकूंच्या दारात थांबलो. त्या पाठमोऱ्या बसून चुलीवर दूध तापवत होत्या.

"काकू, दूध आपल्या तांबडीचंच ना?"

"मग काय शेजारणीचं?" त्या वळल्यादेखील नाहीत. "तू टाळ घे जा. आला मोठा तपासनीस."

माझा हात खिशात होता. काडी बाहेर काढायला किती वेळ लागला असता? पण ज्या बाईच्या हाताला तीन वर्षं गावानं नावं ठेवली, तिच्या चुलीशी जाऊन, पाळीच्या दिवशी, तिच्या लोटीत काडी बुडवायची? माझ्यानं होईना. त्यांचा शब्द घेतला आणि निघालो.

कीर्तन सुरू झालं. काय रंगलं होतं म्हणून सांगू! बुवा सांगत होते, गोकुळात प्रत्येक गवळ्यानं आपापली शिदोरी आणली. कुणाची ताजी, कुणाची शिळी, कुणाची आंबलेली, आणि देवानं सगळी एकत्र कालवली. मृदंग घुमत होता, आम्ही पंधराजण मागे झुलत होतो. देवळाचं दार उघडं, त्यातून ऊन आत आलेलं, आणि त्या दारातून समोर काकूंचा गोठा दिसत होता.

तांबडी उभी होती. उभी म्हणजे कशी, मागचे पाय फाकवून, बेचैन, दर घडीला पाय बदलत. वासरू खुंट्याला, हंबरत. टाळ वाजवता वाजवता माझी नजर तिच्या कासेकडे गेली. कास तटतटलेली. चारी सड ताणून उभे. दुधाचा एक थेंब आपोआप खाली गळला.

बावीस वर्षं दुधात गेलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तांबडीला त्या सकाळी कुणी पिळलेलंच नव्हतं. मग लोटीतलं दूध कुणाचं?

त्याच क्षणी बुवांनी हात वर केला आणि आम्ही चाल धरली. सभेतून वाट काढत वेणूकाकू येत होत्या. नऊवारी धुवट, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत लोटी, वर तुळशीचं पान. आज त्या चपलांजवळची जागा सोडून देवासमोर येत होत्या, आणि चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. बुवांनी हसून हात पुढे केला.

चाळीस वर्षांत मी मध्येच टाळ कधी थांबवला नव्हता. त्या दिवशी तो गळ्यातून काढून खाली ठेवला आणि पुढे झालो.

"थांबा काकू."

चाल विस्कटली. मृदंग अडखळून थांबला. मी काडी काढली.

"रंगा," काकू हळूच म्हणाल्या, "इथं नको रे."

"काकू, माफ करा." आणि मी तुळशीचं पान बाजूला सारून काडी दुधात बुडवली.

नव्वद सेकंद. दशरथ ओरडला, "रंगनाथ, वेड लागलं का? देवासमोरच्या दुधाला दर्भ?" बुवांनी नुसता तळवा दाखवून त्याला बसवलं. काडीचं टोक आधी करडं झालं, मग हळूहळू जांभळं, पिकल्या जांभळासारखं.

सभेत कुजबुज उठली आणि वाढत गेली. "वेणूबाईनं..." "बुवांना औषधाचं दूध..." "म्हणून तर दही..." काकू लोटी धरून तशाच उभ्या. एक थेंब सांडू दिला नाही.

तेवढ्यात माझ्या हातातली पाटी उजळली. बिल्ल्याचे चार आकडे. चव्वेचाळीस सतरा.

मंडळी, तो आकडा मी रोज बघत होतो. माझ्याच दावणीला बांधलेल्या मैनेच्या कानात तो होता. मैनेला तीन दिवसांपूर्वी दगडीची नळी सोडली होती. तिचं दूध माझी बायको यमुना रोज देवळात पोचवत होती, माझ्याच सांगण्यावरून.

पाटी माझ्या एकट्याच्या हातात. आकडा माझ्या एकट्याच्या डोळ्यांसमोर. सगळ्या गावानं मनाशी निकाल लावून टाकलेला, दोषी समोर उभी, आणि ती अवाक्षर काढत नव्हती. मी पाटी बंद करून खिशात टाकली असती तर कुणालाही कळलं नसतं. खोटं सांगत नाही, पाटी बंद करायच्या बटणावर माझा अंगठा गेला होता.

"रंगनाथ," बुवा म्हणाले, "काय निघालं?"

चाळीस वर्षं ज्या गळ्यानं मला वाट दाखवली, तो गळा विचारत होता. आज त्यात घोटभर विष गेलं असतं, आणि तरी तो विचारत होता ते किती मायेनं. माझा अंगठा आपोआप निघाला.

"बुवा, दूध औषधाचं आहे. आणि गाय माझी आहे." मी आकडा मोठ्यानं वाचला. "मैनेचा आकडा. काकूंचा यात दोष नाही. थांबवलेलं दूध देवाला द्या, असं या गावाला मीच शिकवलं. आज त्याच दुधानं तुमचा घात होणार होता."

मग काकू बोलल्या. "खोटं नको बोलू रंगा, दोष कसा नाही? सकाळी दिंडी निघाली, ढोल वाजला, तांबडी बुजली. पान्हाच सोडीना. पाळी गेली असती तर पुन्हा बारा वर्षं. एवढी कुठली जगतेय मी? मग यमुनेकडनं लोटीभर मागून आणलं. ती म्हणाली, थांबलेलं आहे. मी म्हणलं, देवाचंच ना, मग बरं. आणि तुला तोंडावर खोटं बोलले. पाप माझं."

"काकू, मूळ सांगणारा मी."

"तू गप रे. आणणारी मी."

"दिलं मी," बायकांमधून यमुना उठून उभी राहिली. "यांना विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

"अरे, अरे," बुवा हसायला लागले, "काला वाटायच्या दिवशी तुम्ही पाप वाटून घ्यायला लागलात की रे! मला ठेवा की थोडं. चाळीस वर्षं इथलं दूध पितो, एकदा तरी सांगायचं होतं ना मी, की माझ्या अंगाला काय सोसत नाही?"

कुणी तरी खुदकन हसलं आणि सभेचा ताण सैल झाला. पण काकू हसल्या नाहीत. त्या लोटीतल्या जांभळ्या काडीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि बायकांच्या रांगेत डॉक्टरीणबाईंना शोधलं.

"पोरी, हे औषध जंतू मारतं ना?"

"हो काकू."

"विरजणात काय असतं गं?"

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "जंतूच असतात, काकू. चांगले जंतू. दूध घट्ट करणारे."

"मग देवाच्या दुधात..."

"ते मरत होते. तीन वर्षं तुम्ही विरजण घालत होता आणि दुधातलं औषध त्या जंतूंना मारत होतं. अशा दुधात कुणाचंच दही लागलं नसतं."

"म्हणजे माझा हात..."

"तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही, काकू."

काकूंनी लोटी खाली ठेवली. दोन्ही तळवे समोर धरून बघितले, जणू कुणी उसने नेलेले आज परत आणून दिले. मग तेच तळवे तोंडावर घेऊन त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. तीन वर्षांत कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. सगुणा धावत जाऊन त्यांच्याजवळ बसली. दशरथनं डोक्याची टोपी काढली, काकूंसमोर वाकला, आणि आपल्या जागी जाऊन बसला.

बुवा म्हणाले, "वेणूताई, मला तांब्याभर पाणी द्या. तुमच्याच हातचं." पाणी पिऊन ते पुन्हा उभे राहिले आणि मला म्हणाले, "टाळ उचल. चाल अर्धी राहिली आहे."

मी टाळ उचलला. दिसत काही नव्हतं, पाणीच पाणी डोळ्यांत. पण ताल चुकला नाही. कसा चुकेल? आत कृतज्ञतेचा एवढा मोठा ठेका वाजत होता.

पुढं काय झालं ते सांगतो आणि आवरतो. कीर्तन संपल्यावर घंगाळातल्या दुधालाही दर्भ लावला. तोही जांभळा. त्या वर्षी काल्यात तालुक्याचं दही होतं, पण तीर्थाला दूध घातलं नाही, नुसतं पाणी आणि तुळस. देव रागावल्याचं कुठं दिसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी गावाबाहेर एक खड्डा करून घेतला. त्यात एक भुकटी टाकतात, ती औषधाचे तुकडे करते, म्हणजे मातीतले जंतूही त्याला सरावत नाहीत. थांबवलेलं दूध तिथं ओतायचं. आता कुणी रडत नाही. ओतताना बायका गाईचं नाव घेतात आणि हात जोडतात. तू बरी झालीस, ज्या औषधानं झालीस त्याचंही भलं होवो, असं काहीसं पुटपुटतात. मैनेचं दूध ओतायला मी स्वतः गेलो होतो. सगुणा वाटेत भेटली. म्हणाली, "काय रंगनाथभाऊ, आता देवळात नाही का नेत?" तिचा तो हक्क होता. मी मान खाली घालून ऐकलं.

आणि देवाच्या दुधाला आता सगळ्यांत आधी दर्भ लागतो. काकूंनीच ती रीत पाडली. त्या म्हणाल्या, "पोरांना देताना आपण घास आधी चाखून बघतो ना? मग देवाला देताना नको?"

पुढच्या माघात, काल्याच्या आदल्या संध्याकाळी, हिरव्या काडीचं दूध घंगाळात आलं. वेणूकाकूंनी ते कोमट केलं, करंगळी बुडवून बघितली, विरजण घातलं, घोंगडी पांघरली. सकाळी सगळं गाव देवळात जमलं होतं, जणू हंडी फुटायचीच आहे. काकूंनी घोंगडी बाजूला केली. दही शुभ्र, घट्ट, वर कुठे सुरकुती नाही. त्यांनी पळी उभी रोवून हात काढून घेतला. पळी तशीच उभी राहिली. कुणी तरी पुंडलिक वरदे म्हणालं आणि सगळं देऊळ हरी विठ्ठल गर्जलं. श्रीपतबुवांनी काल्याचा पहिला घास काकूंच्या हातातून घेतला. तो गळा आजही गातो आहे, आणि तो ऐकायला तुम्ही-आम्ही आहोत, हे काय कमी देणं झालं?

वेणूकाकू गेल्या त्याला तीन वर्षं होतील. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा मला विचारत होत्या, "रंगा, तांबडीच्या कालवडीचं दूध हिरवं आहे ना रे?" हिरवं होतं. तसं सांगितलं तेव्हा डोळे मिटून हसल्या.

तर मंडळी, माझं मागणं ऐका. मला काही देऊ नका. पण संध्याकाळी घरी तुम्ही दुधाला विरजण लावाल, सकाळी झाकण काढाल आणि दही घट्ट लागलेलं दिसेल, तेव्हा चमचा घालायच्या आधी घडीभर थांबा आणि खडकउंबऱ्याच्या वेणूकाकूंची आठवण करा. त्यांच्या हातात दोष नव्हता. तो कधीच नव्हता.